हो, यमुनाच. नाव फायनल आहे.

मुलीचं नाव यमुना ठेवलंय असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, मग म्हणतो "अच्छा, यमुना, छान आहे हां" आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "आणि घरी काय म्हणता?" म्हणजे हे कागदावरचं असणार, खरं हाक मारायचं नाव मायरा नाहीतर कियारा असंच काहीतरी असणार, अशी लोकांची खात्रीच असते. तर घरीही यमुनाच म्हणतो. लाडात यमू. दुसरं नाव नाहीये आणि ठेवायचंही नाहीये.

आता ती चालायला लागलीय, यमुना म्हटलं की वळून बघते, त्यामुळे "अजून बदलता येईल गं" म्हणणारे लोक हळूहळू गप्प झालेत. म्हणून म्हटलं आता निवांत बसून लिहावं की हेच नाव का, आणि इतक्या जणांची इतकी मतं येत असताना ते टिकलं कसं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींच्या मनात असं एखादं आजीच्या काळातलं नाव असतं आणि त्या ते मोठ्याने बोलायलाही घाबरतात.

यमुना हे माझ्या आजीचं नाव, आईच्या आईचं. पण आमच्या घरात तिला यमुना म्हणून कोणीच ओळखत नव्हतं. लग्नात तिचं नाव बदललं आणि ती सुशीला झाली, मग रेशनकार्डावर सुशीला, बँकेच्या पासबुकात सुशीला, आजोबांच्या पेन्शनच्या कागदांवर सुशीला. यमुना म्हणणारा एकच माणूस उरला होता, तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे मामाआजोबा. त्यांचा फोन यायचा, "यमे, जेवलीस का?" एवढंच विचारायचे ते पहिल्यांदा, आणि आजी, जी एरवी सगळ्यांशी मोजकं आणि जपून बोलायची, ती एकदम मोठ्या आवाजात, हसत, त्यांच्या गावच्या बोलीत सुरू व्हायची. लहानपणी मला वाटायचं आजी फोनवर वेगळीच कोणीतरी होते. ते गेले आणि त्यानंतर ते नाव कोणाच्याच तोंडून ऐकलं नाही.

आजी गेल्यावर माळा आवरताना भांडी खाली काढली. आमच्याकडे जुन्या सगळ्या भांड्यांवर नावं टोचलेली आहेत, तुमच्याकडेही असतील, भांडेवाला खिळ्यासारख्या हत्याराने टकटक करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं काढायचा ना, तशी. परात, पातेली, तांबे, कळशी, सगळ्यांवर सौ. सुशीला आणि आजोबांचं आडनाव. आणि त्यात एक छोटा पितळी डबा निघाला, झाकणाची कड जरा चेपलेली, त्याच्यावर चि. यमुना आणि तिच्या माहेरचं आडनाव. य चा फाटा वाकडा गेलाय, मु चा उकार खालच्या ओळीत घुसलाय, बोट फिरवलं तर अजून खरखरीत लागतो. अख्ख्या घरात तिच्या पहिल्या नावाचा पुरावा म्हणून तेवढी एकच गोष्ट होती. तेव्हा मला मूल वगैरे काही नव्हतं, लग्नही झालं नव्हतं, पण मुलगी झाली तर यमुना हे मी तिथेच माळ्याखाली उभी राहून ठरवलं.

आता हे फक्त माझ्या आजीचं झालं असतं तर मी ते घरगुती प्रकरण म्हणून सोडूनही दिलं असतं. पण नंतर वाचत गेले तसं लक्षात आलं की हे नाव किती जणींकडून काढून घेतलं गेलंय. आनंदीबाई जोशी, आपल्या पहिल्या डॉक्टर, १८६५ साली कल्याणला जन्मल्या तेव्हा त्यांचं नाव यमुना होतं. नवव्या वर्षी लग्न झालं, गोपाळरावांनी नाव आनंदी ठेवलं, १८८६ ला पेनसिल्व्हेनियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून त्या एम.डी. झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत गेल्या. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलंय, आणि ते नाव काय आहे माहितीय? जोशी. म्हणजे यमुना पण नाही, आनंदी पण नाही, आडनाव तेवढं शुक्रापर्यंत पोचलं. मला हे वाचून अभिमानही वाटला आणि तेवढंच पोटात तुटलं.

रमाबाई रानडे पण यमुनाच. १८६२ चा जन्म, माहेरच्या कुर्लेकर, अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं आणि रमा झाल्या, पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं, शेकडो बायकांना त्यातून शिक्षण मिळालं. जवळजवळ एकाच वयाच्या या दोघी, आज आपण ज्यांचं नाव घेताना मान ताठ करतो, दोघीही जन्माने यमुना आणि त्या नावाने त्यांना कोणीच ओळखत नाही. आणि महर्षी कर्व्यांच्या घरात बघा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, बालविधवा, १८९३ ला कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, एवढं मोठं बंडखोर पाऊल, पण नाव तिथेही बदललंच, आनंदीबाई झाल्या. पुढे त्यांची सून आली ती इरावती, १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेली, तिथल्या इरावती नदीवरून वडिलांनी नाव ठेवलेलं, आणि ती इरावती कर्वे म्हणूनच जगभर मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजली. सासूची गोदा गेली, सुनेची इरावती राहिली. एका पिढीत एवढं होऊ शकतं.

म्हणून मला यमुना हे नाव जुनं वाटतच नाही. ज्यांना ते वापरायला मिळालं त्यांना ते आठ दहा वर्षं, फार तर सोळा वर्षं मिळालं. हे नाव घेऊन एखादी बाई म्हातारी होईपर्यंत जगलीय, नोकरी केलीय, सही केलीय, असं आमच्या घरात तरी झालेलं नाही. ते माझ्या मुलीने करावं.

तर हे माझं कारण. आता लोकांचं ऐकू.

पहिला आणि सगळ्यात कठीण विरोध माझ्या आईचा. लोक समजतात सासरकडून झाला असेल, नाही, माझ्या सासूबाई पहिल्या दिवसापासून "तुम्हा दोघांना आवडतंय ना, मग झालं" एवढंच म्हणत होत्या आणि मी त्यांची त्यासाठी कायम ऋणी आहे. आई मात्र अडून बसली. ती म्हणाली, "उद्या ही पोरगी भिंतीवर रेघोट्या मारणार, माती खाणार, मी काय माझ्या आईचं नाव घेऊन तिला ओरडू? यमे थांब, यमे कार्टे इकडे ये, असं म्हणू?" आणि हा मुद्दा खरंच हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये. आपल्याकडे मोठ्या माणसाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हे जिच्या अंगात भिनलंय तिला आईचं नाव असं दिवसभर घरात ओरडत फिरणं म्हणजे अंगावर काटा येणारच. मी तिच्याशी वाद घातला नाही. मी तो डबा काढून तिच्या हातात दिला. आणि विचारलं की तू तुझ्या आईला कधी कोणी यमुना म्हणून रागावलेलं ऐकलंस का, लाड केलेलं ऐकलंस का, मामा सोडून? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादामामा म्हणायचा यमे, मला ते ऐकायला फार आवडायचं." होकार त्या दिवशी नाही मिळाला, पण नकार संपला. आता तीच सगळ्यात जास्त यमे यमे करत असते आणि ओरडतेही व्यवस्थित.

दुसरा विरोध शास्त्राचा. आमचे एक लांबचे काका आहेत, त्यांनी फोन करून सांगितलं की मुलीला नदीचं नाव ठेवू नये, शास्त्रात निषिद्ध आहे. मी शोधलं तर मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तसं आहे खरं, की नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, डोंगराचं, पक्ष्याचं, सापाचं नाव असलेली मुलगी बायको म्हणून करू नये. म्हणजे रोहिणी गेली, रेवती गेली, चित्रा गेली, गंगा, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, भागीरथी, चंद्रभागा, सिंधू सगळ्या गेल्या, महाराष्ट्रातल्या निम्म्या आज्या बाद. आपल्या लोकांनी ते कधीच ऐकलेलं नाही, पिढ्यानपिढ्या नद्यांची नावं मुलींना ठेवली, कारण नदीकाठी राहणाऱ्या माणसाला त्याहून मोठं आणि प्रेमाचं दुसरं काय असणार. आणि जो ग्रंथ बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जाळला त्याच्यात बघून मी माझ्या मुलीचं नाव ठरवणार नव्हते. काकांना एवढं सगळं नाही बोलले, "काका, विचार करून ठेवलंय" म्हटलं आणि तब्येतीची चौकशी केली.

याच्याच जोडीला राशीचं अक्षर होतं. पत्रिकेप्रमाणे प वरून यायला हवं होतं. त्याला उपाय फार जुना आणि सोपा आहे, पत्रिकेत प वरून एक नाव लिहून टाकलं, ते तिथे सुखाने राहील, हाक मारायला आणि कागदोपत्री यमुना. आधीच्या पिढ्यांमध्येही जन्मनाव एक आणि व्यवहारातलं एक असं सर्रास असायचं.

तिसरा प्रकार म्हणजे अशुभ. यमाचं नाव आहे त्याच्यात. हो आहे, यमाची बहीण आहे ती, सूर्याची मुलगी. आणि ज्या दिवशी यम तिच्या घरी जेवायला गेला तो दिवस आपण भाऊबीज म्हणून साजरा करतो, यमद्वितीया म्हणतात तिला. ज्याला सगळं जग घाबरतं त्याला जी ताट मांडून बसवते आणि ओवाळते अशा बहिणीचं नाव आहे हे. मला तर याच्यापेक्षा धीट नाव सापडलं नाही. आजी आणि मामाआजोबांचं नातं आठवलं की ही गोष्ट मला आणखीच आपली वाटते.

ऑफिसमध्ये एकजण म्हणाला, यमुना किती पोल्युटेड आहे माहितीय ना, फेस येतो पाण्यावर. माहितीय. दिल्लीतून जाताना तिची जी अवस्था होते त्यात नदीचा दोष काय, घाण आपण सोडतो. ती वर यमुनोत्रीला जिथे उगम पावते तिथे ती तीच आहे.

मग एक तोडगा म्हणून कालिंदी सुचवलं गेलं. अर्थ तोच, नदी तीच, पण "जरा स्टायलिश". कालिंदी सुंदर नाव आहे, ज्यांना ठेवायचंय त्यांनी नक्की ठेवा. पण माझ्या आजीचं नाव कालिंदी नव्हतं. आणि सुचवणारीने पुढे हळूच असंही म्हटलं की यमुना म्हणजे काळी, मुलगी तर गोरी आहे. यावर मी तिथल्या तिथे स्पष्ट बोलले की माझ्या मुलीच्या रंगाबद्दल कोणी चांगलंही बोलू नका आणि वाईटही बोलू नका. नावाच्या निमित्ताने तो विषय निघाला आणि बंद झाला हे बरंच झालं.

पण सगळ्यात जास्त जे वाक्य मला लागलं, आणि जे वेगवेगळ्या तोंडून, कधी सरळ कधी आडून ऐकायला मिळालं, ते म्हणजे "कामवाल्या मावशींचं नाव वाटतं गं". इथे मला थोडं थांबून बोलायचंय, कारण मला वाटतं जुन्या नावांना जो विरोध होतो त्याच्या मुळाशी हेच आहे आणि बाकीचे सगळे मुद्दे याच्यावरचं पांघरूण आहे.

बघा, सई हे नाव आज किती गोड, किती मॉडर्न वाटतं. सईबाई या शिवाजी महाराजांच्या पत्नी, संभाजी महाराजांच्या आई, सतराव्या शतकातल्या. मुक्ता हे तर तेराव्या शतकातल्या मुक्ताबाईंचं, ज्ञानेश्वरांच्या धाकट्या बहिणीचं. तारा, रमा, मीरा, सगळी यमुनासारखीच जुनी. मुलांमध्ये केशव, माधव, राघव परत आलेत आणि कोणी नाक मुरडत नाही. म्हणजे जुनेपणा हा प्रॉब्लेम नाहीच. मग काय आहे? मला जे दिसतं ते असं, की एखादं नाव आधी खात्यापित्या, शिकल्या सवरल्या घरांत चालतं, मग ती घरं त्याला कंटाळून पुढच्या फॅशनकडे जातात, कुसुम, मालती, वत्सला सोडून सुनंदा, मंगला, सुरेखा, मग त्या सोडून स्वाती, वैशाली, मनीषा, मग सायली, ऋतुजा, केतकी आणि आता आरोही, अन्वी, मायरा. पण गावाकडे, कष्टकरी घरांत आधीची नावं अजून काही वर्षं टिकून राहतात. मग शहरातल्या सोसायटीत यमुना, शांता, सखू, रखमा या नावाची ओळखीची बाई कोण, तर जी सकाळी धुणंभांड्याला येते ती. आणि मालिकांमध्ये पण घरकाम करणारीचं नाव ठरलेलं, त्यामुळे आणखी पक्कं होतं. नाव होतं तिथेच आहे, ते घेणारी माणसं बदलली आणि आपण त्या माणसांना कमी लेखतो म्हणून नाव कमी वाटायला लागतं. मधे दोन पिढ्या गेल्या, त्या नावाची जिवंत माणसं दिसेनाशी झाली, की मग तेच नाव व्हिंटेज होतं, क्युट होतं, आणि परत वर येतं. सई वर आली कारण आपल्या ओळखीत धुणं धुणारी सई कोणी नव्हती, एवढंच.

हे कळल्यावर माझा निश्चय दुप्पट झाला. माझ्या मुलीचं आणि एखाद्या कष्ट करणाऱ्या बाईचं नाव एक असेल तर त्यात मला चांगलंच वाटेल. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, वाईजवळच्या, कोल्हाटी समाजात जन्मलेल्या, पोटासाठी लहानपणापासून नाचल्या गायल्या आणि लावणी अशा उंचीवर नेली की संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. शंभरी ओलांडून २०१८ ला गेल्या. त्यांचं नाव त्यांच्याकडून कोणी काढून घेतलं नाही आणि त्यांनी ते शेवटपर्यंत मिरवलं. कोणी मला "तमाशातलं नाव" म्हटलं तर मी यमुनाबाईंबद्दल सांगते, आणि सांगायला मला फार आवडतं.

याचा अर्थ जुनं म्हणून सगळंच उचलून धरावं असं मी म्हणत नाहीये. पूर्वी मुलं जगत नसत म्हणून दृष्ट लागू नये, यमाने ढुंकून बघू नये अशा भीतीने दगडू, धोंडू, भिकू अशी नावं ठेवायचे, त्यामागची आईची तडफड मला समजते पण ती भीती आता पुढे न्यायची गरज नाही. आणि नकुशी तर नाहीच नाही. मुलगी नको होती म्हणून तिचं नावच नकुसा ठेवायचं, आणि हे फार जुनं पण नाही, २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली होती. त्या मुलींनी स्वतः आपली नवी नावं निवडली हे त्या बातमीतलं मला सगळ्यात आवडलेलं. नाव ठेवताना ते कोणत्या भावनेने ठेवलं होतं हे बघावं, प्रेमाने ठेवलेलं असेल तर ते शंभर वर्षांनीही प्रेमाचंच राहतं.

चिडवतील शाळेत, हे तर प्रत्येकानेच सांगितलं. यमी यमी म्हणतील, खाऊचं नाव वाटेल वगैरे. मी शाळेत असताना आमच्या वर्गात इतक्या वैशाली आणि स्वाती होत्या की बाई आडनावाने हाक मारायच्या, वैशाली पाटील, वैशाली जाधव, आणि एवढी कॉमन नावं असूनही चिडवायचं कोणाचं राहिलं नव्हतं. मुलं कशावरूनही चिडवतात. घरात तिला तिच्या नावाची गोष्ट माहिती असेल, ती आनंदीबाईंची, पणजीची, यमद्वितीयेची, तर ती उत्तर देईल याची मला खात्री आहे. आणि अमेरिकेतली माझी मावसबहीण म्हणाली की तिकडे आली तर लोकांना म्हणता येणार नाही, तिला मी म्हटलं अगं तुझ्या शेजारणी काय करतायत ते बघ. तिकडे बाळांच्या नावांची सरकारी यादी १८८० पासूनची आहे, त्या वर्षी मुलींमध्ये एमा तिसऱ्या नंबरवर होती, मग ती खूप खाली गेली, म्हाताऱ्या बायकांचं नाव झाली, आणि २०१४ ते २०१८ सलग पहिल्या नंबरवर. इंग्लंडमध्ये आर्थर २०१८ ला पहिल्या दहात आला तो १९२० च्या दशकानंतर पहिल्यांदा. ते त्यांच्या पणजीपणजोबांची नावं हौसेने परत आणतायत आणि आपण त्यांना जमेल असं नाव शोधत बसलोय. य, मु, ना, तीन सोपी अक्षरं आहेत, शिकतील.

आता प्रॅक्टिकल गोष्ट, जी मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती. हॉस्पिटलमध्ये घाई करतात, नाव सांगा नाव सांगा, आणि त्या घाईत नातेवाईकांचा दबाव वाढतो. पण जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव त्याच वेळी द्यावं लागतं असं अजिबात नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते आणि वर्षभरात नाव फुकट घालता येतं, त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. आम्ही नाव ठरलेलं असूनही थोडे दिवस थांबलो, कारण आईचा होकार मला हवा होता, तिच्या मनाविरुद्ध तिच्याच आईचं नाव मला ठेवायचं नव्हतं.

बाकीच्यांना मात्र आम्ही विचारलं नाही, सांगितलं. हा फरक खूप मोठा आहे. "यमुना कसं वाटतं?" असं विचारलं की समोरच्याला वाटतं आपलं मत हवंय, मग तो देणारच, आणि नाही घेतलं की रागावणार. आम्ही बारशाच्या आधी कोणालाच काही बोललो नाही, फॅमिली ग्रुपवर पोल टाकायची एका भावाची फार इच्छा होती तीही होऊ दिली नाही. नवऱ्याने मला यात जी साथ दिली त्याला तोड नाही. त्याला नाव पहिल्यांदा ऐकून विशेष आवडलं नव्हतं, तसं तो म्हणालाही, पण डब्याची गोष्ट ऐकल्यावर म्हणाला की एवढं तुला वाटतंय तर माझं न आवडणं त्याच्यापुढे लहान आहे, आणि एकदा हो म्हटल्यावर त्याच्या बाजूच्या प्रत्येक काका आत्या आजोबांना त्यानेच उत्तरं दिली. "आमचं ठरलंय" एवढंच म्हणायचा, कारणं द्यायचा नाही. मी कारणं देत बसायचे आणि प्रत्येक कारणावर नवा वाद सुरू व्हायचा. हे त्याच्याकडून घेण्यासारखं आहे, घरात दोघं पक्के असाल तर बाहेरचं फार टिकत नाही, पण दोघांपैकी एक जरी डळमळीत असेल तर लोक बरोबर तिथेच बोट घालतात.

आणि लोकांचं मत बदलतं, खरंच बदलतं, आणि तेही आपण काही न करता. कारण नाव हवेत असतं तोपर्यंत त्याच्या मागे कोणीतरी नऊवारीतली म्हातारी दिसत असते, एकदा का त्या नावाची गुबगुबीत, दोन दात असलेली, हातात चमचा धरून टेबल बडवणारी पोरगी समोर आली की चार सहा महिन्यांत यमुना म्हटलं की तीच डोळ्यासमोर येते. आमच्या मजल्यावरची लहान मुलं तिला यमुना यमुना करत दिवसभर बोलवायला येतात, त्यांना ते नाव जुनं आहे हे माहितीच नाही. ज्या काकांनी शास्त्र सांगितलं होतं ते परवा व्हिडिओ कॉलवर "काय यमुनाताई" म्हणून तिच्याशी बोबडं बोलत होते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझी एक मैत्रीण, सातवा महिना चालू आहे, मुलगा असो मुलगी असो, तिला जुनं नाव हवंय आणि घरचे आत्तापासून आरव आणि अनायाच्या याद्या पाठवतायत. मुलगा झाला तर रघुनाथ हे तिचं नक्की आहे. मुलगी झाली तर वेणू, द्वारका आणि वत्सला यात अडकलीय. मी द्वारकाच्या बाजूने आहे आणि तिला रोज तसा मेसेज करते.